सत्त्याण्णव गुणांची झोप

एकविसाव्या सकाळी गादीने विलास देवतळ्यांना सत्त्याण्णव गुण दिले आणि त्यांच्या बायकोला एकसष्ट. दोघं एकाच गादीवर, हातभर अंतरावर झोपले होते. उशाकडच्या काचपट्टीवर हे आकडे शेजारी शेजारी उमटले तेव्हा विलासरावांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले आणि चहाच्या आधीच बंगळूरला पोरीला फोन लावला.

मंजूषाबाईंनी हिंगणघाटच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. हजारो मुलांना गुण दिले होते. त्यांना स्वतःला कुणी गुण दिल्याला मात्र चाळीसएक वर्षं झाली होती, आणि तेव्हाही ते एकसष्ट नव्हते. विलासराव वीज मंडळात लाइनमन. वादळात पडलेली तार जोडायला खांबावर सगळ्यात आधी चढणारा माणूस, पण शाळेत पस्तीस गुणांच्या वर फारसे गेले नव्हते. त्यामुळे रात्रीचा अभ्यास कमी पडला काय, असं त्यांनी मास्तरीणबाईंना त्या दिवसात तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांसमोर.

गादी पाठवली होती त्यांच्या मुलीने, ऋतुजाने. आईची कंबर दुखते म्हणून. ‘निजा’ नावाच्या या गाद्या २०४२च्या त्या संक्रांतीपर्यंत गावात साडेतीनशे घरी पोचल्या होत्या. बसवून द्यायला शबाना मन्सुरी आली. तिचे वडील गफूरभाई कापूस पिंजून गाद्या भरत. त्याच दुकानात शबाना आता फोमच्या गाद्या विकत असे. तिने दोघांना बजावलं, की पहिले एकवीस दिवस ओळखीचे, गुण एकविसाव्या सकाळी. नवी चप्पल जशी आधी चावते, तसं अंग थोडं दुखेल. तेवढ्यात तक्रार करायची नाही.

ही गादी कशी चालते ते समजायला अवघड नाही. भांडी घासायचा स्पंज हातात घ्या आणि जवळून पाहा. त्यात असंख्य पोकळ घरं दिसतील. फोम म्हणजे तेच. घरं बारीक आणि भिंती लवचीक. ‘निजा’च्या फोममध्ये या भिंती अशा पदार्थाच्या होत्या, की अगदी क्षीण वीज सोडली की त्या मऊ पडत आणि वीज थांबली की ताठ होत. गादीच्या पोटात रुपयाएवढे बाराशे ठिपके होते. कुठे किती भार आहे हे प्रत्येक ठिपका सांगे. खांद्याखाली भार जास्त झाला की तिथला फोम मऊ होई, कंबरेखाली पोकळी राहिली की तिथला ताठ होऊन ती भरून काढी.

इथवर सगळं सरळ. पण माणसाला बरं वाटतंय की नाही, हे गादीला कळायचं कसं? झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही. बनवणाऱ्यांनी विचार केला, की ज्याला आराम नाही तो तळमळतो. म्हणजे जो कमी हलतो तो जास्त आरामात. मग त्यांनी गादीला एकच काम शिकवलं: रोज रात्री थोडा बदल करून पाहायचा, ज्या बदलाने माणूस कमी हलला तो ठेवायचा, आणि न हलण्याचे गुण द्यायचे.

दर सोमवारी गावची यादी फोनवर येई. पहिल्या सोमवारी विलासराव तिसरे होते, दुसऱ्या सोमवारी पहिले. सकाळी मैदानावर फिरायला येणाऱ्या मंडळींनी त्यांना ‘निद्रासम्राट’ ही पदवी दिली आणि चहाच्या टपरीवर झेंडूचा हार घातला. तो हार त्यांनी घरी आणून खुंटीला अडकवला. सुकला तरी काढू दिला नाही.

मंजूषाबाईंना हरणं ठाऊक नव्हतं. त्यांनी संध्याकाळचा चहा सोडला, जेवण आठच्या आत आणलं, झोपण्याआधी पुस्तक बंद केलं. गुण त्रेसष्ट झाले, मग एकोणसाठ. मुलांना त्या नेहमी सांगत, की मोजमाप करणाऱ्याने आधी आपला अंदाज लिहावा आणि मग काट्याकडे बघावं, नाहीतर काटा बघून अंदाज बदलतो. तसंच त्यांनी केलं. सकाळी डोळे उघडले की काचपट्टीवर रुमाल टाकायचा, अंग कसं आहे ते बघायचं, आपले गुण वहीत लिहायचे आणि मग रुमाल काढायचा.

एका गुरुवारी त्या हट्टालाच पेटल्या. हात पोटावर, पाय सरळ, आणि काही झालं तरी हलायचं नाही. तासाभराने पाठ पेटली. दोन तासांनी टाच बधिर झाली. डोळा लागला तो पहाटे, तोही तुकड्यातुकड्यांनी. सकाळी त्यांनी वहीत वीस गुण लिहिले, तेही दयेपोटी. रुमाल काढला तर गादीने चौऱ्याऐंशी दिले होते.

एका प्रयोगावर विश्वास ठेवायचा नसतो. त्यांनी आणखी दोन रात्री तेच केलं. गादीचे गुण शहाऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. त्यांचे पंचवीस आणि पंधरा.

आता तुम्हीही एक करून पाहा. अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला, जरा जोराने दाबून धरा. दहा आकडे मोजा आणि उचला. कातडी आधी पांढरी दिसेल, मग लाल होईल. दाबाखाली रक्त सरकत नाही. दाब उठला की धावत येतं. झोपेत आपल्या पाठीवर, कुल्ल्यांवर, टाचांवर असाच दाब असतो. म्हणून शरीर आपल्याला न उठवता स्वतःच कूस बदलतं, निरोगी माणसाचं रात्रीतून वीस-पंचवीस वेळा तरी. ती तळमळ नसते, ती देखभाल असते. मंजूषाबाईंच्या देखभालीचे गादी गुण कापत होती.

आणि पलीकडे सत्त्याण्णव गुण घेऊन झोपलेला माणूस? तो कितीदा वळत होता?

त्यांनी बघायला सुरुवात केली. रात्री नाही, दिवसा. विलासराव सकाळी उठताना आधी पाय खाली सोडत, मग खिडकीचा गज धरत, मग थांबत. ‘गादी सोडतच नाही,’ असं ते हसून म्हणत आणि त्याही इतके दिवस हसत आल्या होत्या. दिवाळीपासून त्यांनी शर्ट घातला नव्हता, सदरेच घालत होते. सदऱ्याला बटणं दोनच. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही केली ती मुंगीएवढी. मैदानावर चालताना उजवा हात हलत होता, डावा अंगाला चिकटून होता. यातलं प्रत्येक त्यांनी पाहिलं होतं. एकत्र कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी विचारलं तेव्हा विलासरावांनी वयाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, डॉक्टरकडे जाऊ म्हणाल्या, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

“तुला माझे गुण बघवत नाहीत, मंजू,” ते म्हणाले. “साठ-एकसष्ट पडले न तुला. म्हणून करून राहिली हे सगळं.”

चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं.

पाचव्या दिवशी त्या एकट्याच डॉक्टर तेजस कोंबेकडे गेल्या. तेजस त्यांचा विद्यार्थी. दुसऱ्या बाकावर बसणारा, आता सरकारी दवाखान्याचा प्रमुख. त्याने विलासरावांचं निद्रापत्रक पडद्यावर काढलं आणि म्हणाला, की अशी झोप मलाही मिळाली तर बरं. मग बाईंचा चेहरा बघून सरसावून बसला. बाईंनी वही उघडून दाखवली, सही, सदरे, डावा हात, सगळं सांगितलं.

अडचण त्याने स्वच्छ मांडली. नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे कोणाला आधी पाठवायचं हे आता जिल्ह्याची यंत्रणा ठरवत होती. घड्याळं, गाद्या, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं वाचून ती क्रम लावी. एरवी ते चांगलंच होतं; वशिला संपला होता. पण सत्त्याण्णव गुणांच्या माणसासमोर तिने ‘तातडी नाही’ असं लिहिलं होतं. म्हणजे अकरा महिने थांबायचं. आणि या आजारात, जो बाईंच्या मनात होता आणि आता त्याच्याही, पहिलं वर्ष वाया घालवणं बरं नव्हतं.

“तेजस,” बाई म्हणाल्या, “मी शिकवताना सगळा वर्ग एकदम शांत झाला, तर मी काय समजायची?”

“की कोणालाच कळलेलं नाही.”

“ही गादी त्या शांततेला शंभरपैकी सत्त्याण्णव देते.”

तेजसने ते पत्रक बंद केलं. मग म्हणाला, की मला पटलं बाई, पण यंत्रणेला पटायला दुसरा आकडा लागेल. आणि काका स्वतः यायला हवेत. न आलेल्या माणसाला मी तपासू शकत नाही.

म्हणजे कामं दोन होती. आकडा आणि नवरा. पहिल्यासाठी त्या थेट शबानाच्या दुकानात गेल्या.

शबाना ऐकताना आधी आपल्या मालाची बाजू घेत होती. वही पाहिल्यावर थांबली आणि वडिलांचं सांगू लागली. गफूरभाईंनी गिऱ्हाइकाला कधी ‘कशी वाटते’ असं विचारलं नाही. आडवं झाल्यावर सगळे चांगलीच म्हणतात. ते त्याला नव्या गादीवर झोपवत, समोरून चहा सांगत, आणि चहा आला की म्हणत, उठा. मग त्याच्या कोपराकडे बघत. कोपर गादीत रुतलं तर गादी उसवून कापूस पुन्हा भरायचा. गादीवर कोणीही झोपतो, गादी उठवते कशी ते बघायचं, हा त्यांचा नियम. शबानाने दोनशे दहा ‘निजा’ विकल्या होत्या आणि एकदाही चहा सांगितला नव्हता.

ती दुसऱ्याच दिवशी दुपारी घरी आली. गादीची तपासणी आहे म्हणाली. ते खोटं नव्हतं. विलासराव खुशीत आडवे झाले, आपल्या पहिल्या नंबराची गोष्ट सांगू लागले. मंजूषाबाई चहा घेऊन आल्या.

“उठा काका,” शबाना म्हणाली.

त्यांनी डावं कोपर टेकवलं. ते रुतलं. उजवं टेकवलं. फोम त्यांच्या अंगाच्या आकाराचा झाला होता. दीड महिना तो त्यांना हलू न देण्याचीच कला शिकत आला होता; जितकं ते कमी हलले तितका खड्डा खोल, आणि जितका खड्डा खोल तितकं हलणं कठीण. त्यांनी खिडकीच्या गजाकडे हात नेला. शबाना वाटेत उभी होती, आणि ती सरकली नाही. मंजूषाबाईंनी कप खाली ठेवला, पण पुढे झाल्या नाहीत. विलासरावांच्या कपाळावर घाम आला. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यात ते एका अंगावर कलंडले, पाय खाली गेले, आणि ते बसले.

मग शबानाने त्यांना बाहेरच्या लाकडी तख्तावर झोपायला लावलं. तिथून ते उठले. सावकाश, डाव्या अंगाने जड, पण आपले आपण.

“म्हणजे गादी खराब आहे,” विलासराव म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

शबाना म्हणाली की गादीचा दोष आहेच काका, ते मी मान्य करते. पण या तख्तावरूनही तुम्ही पूर्वी असे उठत नव्हता. तुम्ही आमच्या छपरावर चढून तार जोडलेली मी पाहिली आहे.

विलासराव तख्ताच्या कडेवर बसून आपल्या डाव्या हाताकडे बघत होते.

“रात्री मला तहान लागते,” ते म्हणाले. “उठता येत नाही. म्हणून मी दिवेलागणीनंतर पाणीच पीत नाही, की पुन्हा लघवीला उठायला नको. उताणा पडून असतो. छताकडे बघत. मग सकाळी तो आकडा दिसतो, आणि वाटतं, यंत्र सांगतं आहे तर ठीकच असेल आपलं.”

“मला उठवायचं नाही?” मंजूषाबाईंनी विचारलं.

“तूही जागीच असायची. आणि तुला एकसष्टच पडत होते.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी शबानाला विचारलं, गादीला शिकणं थांबवता येतं का. येत होतं. विक्रेत्यांसाठी एक कळ होती: फोम एकसारखा ताठ राहायचा, गादी काही बदलायची नाही, गुण द्यायची नाही, फक्त कोण किती वेळा वळलं ते नोंदायची. सात रात्रींची नोंद डॉक्टरला चालेल. पण गुण बंद म्हणजे गावच्या यादीतून नावही जाणार, हे शबानाने आधीच सांगून टाकलं.

कळ गादीच्या पायथ्याशी होती. मंजूषाबाई वाकणार तेवढ्यात विलासरावांनी त्यांना थांबवलं. ते सावकाश गुडघ्यावर बसले, कळ शोधली आणि दाबली. उठायला शबानाचा हात घेतला. आतापर्यंत त्यांनी असा हात कुणाचाच घेतला नव्हता.

सात रात्रींची नोंद अशी होती: मंजूषाबाई, सरासरी चोवीस वेळा. विलासराव, एकदा. दोन रात्री शून्य. ताठ गादीवरून उठणं त्यांना सोपं गेलं, पण झोपेत वळणं जमलं नाही. दोष दोन ठिकाणी होता, हे आता आकड्यांतच दिसत होतं. या वेळी दवाखान्यात ते स्वतः आले, शर्ट घालून; बटणं लावायला वीस मिनिटं लागली होती आणि त्यांनी मदत नाकारली होती. तेजसने त्यांना अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितली. उजवा हात चालला. डाव्याची बोटं पहिल्या चार वेळा उघडली, मग कमी, मग अगदी थोडी. तेजसने नोंदीचा कागद जोडून यंत्रणेला स्वतःच्या सहीने फेरविचार लिहिला. अकरा महिन्यांचे नऊ दिवस झाले.

नागपूरला निदान झालं ते कंपवाताचंच. नावात कंप असला तरी सगळ्यांचे हात थरथरत नाहीत. विलासरावांचे थरथरतच नव्हते, म्हणून कुणाला शंका आली नाही. हालचाल सुरू करण्याचा जो निरोप मेंदूत फिरतो तो वाहून नेणारं द्रव्य कमी पडतं. मग अंग ताठरतं, मंदावतं, आणि झोपेत वळणं सगळ्यात आधी हरवू शकतं. गोळ्या सुरू झाल्या. आजार बरा होणार नव्हता. त्याच्याबरोबर बरीच वर्षं नीट चालता येणार होतं, जर चालत राहिलं तर. हा ‘जर’ डॉक्टरांनी दोनदा उच्चारला.

मंजूषाबाईंनी ‘निजा’च्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की चौऱ्याण्णव टक्के ग्राहक समाधानी आहेत. त्यांनी दुसरं लिहिलं. विचारलं, की उरलेल्यांपैकी कितीजण वळू शकतात ते मोजलं आहे का, आणि समाधानी असलेल्यांपैकी कितीजण? पाचव्या पत्रानंतर एका अभियंत्या मुलीचा फोन आला. ती प्रामाणिक होती. म्हणाली, आराम मोजता येत नव्हता, हालचाल मोजता येत होती, म्हणून आम्ही न हलण्यालाच आराम म्हणालो. बाईंनी तिला रागावलं नाही. इतकंच म्हणाल्या, की प्रश्न बदल, तोच फोम निराळं उत्तर देईल.

दोन महिने लागले. तेच ठिपके, तीच वीज. फक्त गादीला आता वेगळं काम दिलं होतं. माणूस फार वेळ एकाच अंगावर राहिला, की एका खांद्याखालचा आणि कुल्ल्याखालचा फोम हळूहळू ताठ करायचा, चढ तयार करायचा, आणि वळायचं की नाही ते त्याच्यावर सोडायचं. निद्रापत्रकात गुणांऐवजी वळणं येऊ लागली. मैदानावरच्या काहींनी कुरकुर केली, यादीत मजा होती म्हणाले. त्यातल्या दोघांना तेजसने तपासायला बोलावलं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मात्र एक अट घातली होती. रात्री गादीची मदत चालेल. दिवसा रोज दहा मिनिटं गादी बंद ठेवून स्वतः वळायचं, आणि घरच्यांनी हात लावायचा नाही.

ज्येष्ठातली सकाळ. नऊ वाजले होते, पडद्यातून ऊन गादीवर आलं होतं. विलासराव उताणे. मंजूषाबाई पलीकडच्या कडेला, त्यांच्याकडे तोंड करून आडव्या, दोन्ही हात स्वतःच्या गालाखाली दाबून ठेवलेले; मोकळे राहिले तर पुढे जातील म्हणून.

आधी मान वळवायची. ती वळली. गुडघे दुमडायचे. उजवा लगेच आला, डावा घसटत. मग हात छातीवरून पलीकडे टाकायचा. डावा हात निम्म्यात थांबला, हवेत, निरोपाची वाट बघत. मंजूषाबाईंच्या ओठांवर ‘हं’ आलं आणि त्यांनी ते गिळलं. विलासरावांनी दात आवळले, मोजायला लागले, एक, दोन, आणि तीनला हात सुटला. त्याच्यामागे खांदा, खांद्यामागे कंबर, आणि सगळं अंग एकदाचं कलंडून उजव्या कुशीवर आलं.

ते धापा टाकत होते. चेहरे वीतभर अंतरावर होते. कित्येक महिन्यांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या त्यांना दिसल्या असणार. श्वास जागेवर येईपर्यंत थांबले.

“आता त्या कुशीवर,” ते म्हणाले, आणि मान वळवायला लागले.